कोरड्या घशानं कळसूबाई

मी एकदा पाण्याचा थेंबही न पिता कळसूबाई चढायला घेतली होती. उपवास नव्हता, नवस नव्हता, पाणी संपलंही नव्हतं. ह्यांच्या खांद्याला लटकवलेली बाटली गच्च भरलेली होती. मीच मुद्दाम पीत नव्हते. आदल्या संध्याकाळपासून बंद केलं होतं. कारण साधं होतं. प्यायलं की जावं लागणार, आणि डोंगरावर जायचं कुठं? बरोबर ह्यांच्या ऑफिसातले सगळे बाप्ये. त्यांच्या बायकाही होत्या दोघी-तिघी, पण त्यांना विचारायचं कसं? नव्या नवरीनं असलं काही विचारायचं असतं का?

हो, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. बाईसाहेबांचा थाट काय वर्णावा! नायलॉनची साडी, नव्या कोऱ्या चपला, वेणीत अबोलीचा गजरा. डोंगराला दाखवायला निघाल्यासारखी. आणि ही कोण, तर नगरच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवणारी. घामावाटे शरीरातलं पाणी कसं जातं, ते परत का भरून काढायचं, हे फळ्यावर रंगीत खडूनं काढून दाखवायची. मुली वहीत उतरवून घ्यायच्या. स्वतःच्या डोक्यात मात्र त्यातलं काहीच उतरलेलं नव्हतं.

शिखर दिसायला लागलं तेव्हा मला बाकी काहीच दिसेनासं झालं. तिथं तेव्हा शिड्या होत्या की नुसत्या साखळ्या, ते मला विचारू नका. मी मटकन खाली बसले आणि आडवी झाले ती झालेच. ह्यांच्या खांद्यावर एक सोलापुरी चादर होती, वर पोचल्यावर पसरून डबे खायचे म्हणून आणलेली. तिची झोळी केली आणि पायथ्याच्या बारी गावातल्या चौघा गड्यांनी मला त्या झोळीतून खाली आणलं. मध्ये कधीतरी डोळे उघडले तर आभाळ डुलत होतं आणि गजरा तोंडावर आला होता. खाली आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय झालं गं एकदम?"

मी म्हणाले, "ऊन लागलं."

डिसेंबर चालू होता. बाकीची मंडळी स्वेटर घालून हिंडत होती. पण ह्या भल्या माणसानं ते खरं मानलं. तेव्हापासून आमच्या घरात ठरूनच गेलं, की हिला ऊन सोसत नाही. लग्नकार्यात मला मांडवाच्या आतल्या खुर्चीवर बसवायचं. बाजारात गेलो की माझ्या डोक्यावर छत्री धरायची, नोव्हेंबरातसुद्धा. त्या एका थापेच्या सावलीत मी उभा जन्म काढला म्हणा ना.

आणि पाण्याचं म्हणाल तर सुटलंच. शाळेतल्या बायकांच्या स्वच्छतागृहाबद्दल मी इथं काही लिहीत नाही, तुम्ही कदाचित जेवायला बसला असाल. तिथं जायला नको म्हणून सकाळी घरून निघताना एक कप चहा, नंतर संध्याकाळी घरी आल्यावर दुसरा. आम्ही सगळ्या शिक्षिका असंच करायचो. आम्ही एकमेकींना डबे दिले, साड्यांचे पदर दाखवले, सुनांची गाऱ्हाणी सांगितली, पण हा विषय कधी काढला नाही. निवृत्त झाले, सावेडीच्या फ्लॅटमध्ये दोन दोन न्हाणीघरं आली, तरी घसा काही पाणी मागायला शिकला नाही.

तर अशा ह्या बाईला गेल्या दिवाळीत नातीनं विचारलं, "आजी, हिमालयात येतेस का?"

नात पुण्याला नोकरी करते. चकली खाता खाता मोबाईलवर बर्फाचे फोटो दाखवत होती. गाइड बरोबर असतो, तंबू तेच लावतात, स्वयंपाकही तेच करतात, आपण फक्त चालायचं, असं तिचं चाललं होतं. विचारलंही तिनं गंमत म्हणूनच.

"येते," मी म्हणाले.

चकली तिच्या हातातच राहिली. माझा मुलगा म्हणजे तिचा बाप सोफ्यावरून म्हणाला, "आई, तुला भाजी आणायला रिक्षा लागते."

"ती तुझ्या बाबांसाठी. त्यांचे गुडघे दुखतात."

"मला मध्ये घेऊ नका," हे पेपराच्या आडून म्हणाले. मग पेपर जरासा खाली आला. "पण तिकडे ऊन फार असतं म्हणतात. बर्फावरून डोळ्यांत येतं."

बघा. अजून ऊनच.

सूनबाईनं माझ्या ताटात आणखी एक चकली ठेवली आणि म्हणाली, "आई, जाच तुम्ही." घरातलं बहुमत माझ्या बाजूला आहे हे मला तेव्हाच कळलं.

मुलानं अट घातली: डॉक्टर हो म्हणाले पाहिजेत आणि नेणारे लोकही हो म्हणाले पाहिजेत. दोघांतला एक जरी नाही म्हणाला, तर विषय बंद. मी म्हटलं, कबूल. मनात म्हटलं, दोघांनाही गुंडाळते.

मग जे काही सुरू झालं त्यानं घराचा नुसता आखाडा झाला. नातीनं पाठवलेले बूट आले. ते पायांत रुळवायचे असतात, नाहीतर डोंगरावर फोड येतात. म्हणून मी ते पंजाबी ड्रेसवर घालून भाजीला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी मेथीवाली म्हणाली, "काकू, पायाला काय झालं? प्लास्टर हाय का?" दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, केवढ्याला मिळाले. पाठीवरच्या पिशवीत वजन घालून जिने चढायचे होते. वजन म्हणून मी ज्वारी भरली. तिसऱ्या मजल्यावर शेजारीण भेटली, म्हणाली, "गिरणी खाली आहे हो काकू, तुम्ही वर कुठं?" मी म्हटलं, "वरच्या गिरणीत बारीक निघतं." ती बिचारी बराच वेळ जिन्याकडे बघत उभी होती.

पहाटे फिरायला जाणाऱ्या आमच्या गटातल्या बायकांना घेऊन मी रविवारी चांदबीबीच्या महालावर जायला लागले. अख्खं नगर खाली अंथरलेलं दिसतं तिथून. काठ्या दोन, दोन्ही हातांत. त्या काठ्या घरी आल्या की हे ताब्यात घ्यायचे. माळ्यावरचे डबे काढायला, पंख्याचं जाळं झटकायला, एकदा तर समोरच्या गॅलरीत पडलेला टॉवेल ओढून घ्यायला. "उत्तम वस्तू आहे," म्हणायचे, "हिमालयावर वाया घालवू नको."

पिसांचं जाकीट आलं तेव्हा मार्च होता आणि मार्चमधलं नगर म्हणजे काय ते नगरकरांनाच विचारा. पण आल्या आल्या घालून बघितल्याशिवाय राहवेना. आतून थर्मल, त्यावर लोकर, त्यावर ते जाकीट, कानटोपी, हातमोजे. आरशासमोर उभी राहिले तर भरलेली गादी दिसत होती. तेवढ्यात बेल वाजली. दारात गॅसवाला. त्यानं सिलिंडर खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, आत पंख्याकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, "आजी, ताप हाय का?" मी तशीच हसत सुटले. हातमोज्यांमुळे पावतीवर सही करता येईना, ती शेवटी ह्यांनी केली.

असं सगळं झकास चाललं होतं, आणि मी डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर माझाच विद्यार्थी. एके काळी बाकाखाली चिंचा लपवणारा, आता केसांत पांढरं आलेला. त्यानं छाती तपासली, रक्तदाब बघितला, तपासण्यांच्या कागदांवरून नजर फिरवली. हृदय ठणठणीत निघालं. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "बाई, दिवसाला पाणी किती पिता?"

"भरपूर."

"भरपूर म्हणजे?"

"सगळे पितात तसं पिते."

तो हसला. "बाई, तुम्हीच शिकवलंत आम्हाला, उत्तर नीट आकड्यात लिहायचं." मग मात्र गंभीर झाला. उंचावर हवा विरळ आणि कोरडी असते, श्वासागणिक पाणी जातं, पाणी कमी पडलं तर डोकं उठतं, पाऊल टाकवत नाही, माणसाला उतरवून आणावं लागतं, असं सगळं सांगितलं. "तुमचं हृदय मला सांगतंय जा. तुमची लघवीची तपासणी सांगतेय, ह्या बाई पाणीच पीत नाहीत. सर्टिफिकेट देतो. पण सवय बदलली नाहीत तर वर पोचणार नाही तुम्ही, हे लिहून घ्या."

मी लिहून काही घेतलं नाही. घरी येईपर्यंत घसा कोरडा पडला होता. हिमालयाच्या बर्फात मी पुन्हा एकदा झोळीतून येतेय, असं चित्र डोळ्यांपुढे आलं, आणि ह्या वेळी ती झोळी धरायला बारीचे गडी नसणार.

त्याच आठवड्यात मोबाईलवर मीटिंग होती. नेणारा गटप्रमुख नाशिकचा, तिशीतला पोरगा, उन्हानं रापलेला. पडद्यावर चौकटीचौकटीतून चेहरे. नात पुण्याच्या चौकटीत. आमच्याकडे मी खुर्चीत, हे बाजूच्या दिवाणावर पेपर घेऊन, सूनबाई आत कुकर लावत होती. गटप्रमुखानं रस्ता सांगितला, थंडी सांगितली, मग म्हणाला, "आणि दिवसाला चार लिटर पाणी. तहान लागो न लागो. ह्यात सूट नाही."

प्रश्न सुरू झाले. कोणी विचारलं, मोबाईल चार्ज कुठं करायचा. कोणी विचारलं, अंडी मिळतील का. एका गृहस्थांनी झोपायच्या पिशवीच्या चेनबद्दल एवढं विचारलं की मला वाटलं हे आता तिथंच झोपतात. बायकाही होत्या चौकटींत. त्या हसऱ्या चेहऱ्यानं गप्प बसून होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला आमच्या शाळेतली शिक्षकखोली दिसली. सगळ्या तशाच, तोच चेहरा.

मी माइकचं बटण दाबलं.

"सर, चार लिटर प्यायचं ते ठीक आहे. पण बायकांनी जायचं कुठं?"

कुणाच्या तरी घरी मिक्सर चालू होता, तेवढाच आवाज. नातीनं कपाळाला हात लावलेला मला दिसला. पण आता मी थांबते होय?

"विचारते, कारण तरुणपणी ह्याच एका प्रश्नापायी मी कळसूबाईला पाणी न पिता चढले होते आणि झोळीतून उतरले होते. घरी ऊन लागलं म्हणून सांगितलं. आता परत तसं नको."

बाजूला पेपराचं पान उलटायचं थांबलं.

पोरगा शहाणा निघाला. लाजला नाही, हसला नाही. म्हणाला, "आजी, हा प्रश्न पहिला यायला हवा होता. मुक्कामावर वेगळे तंबू असतात. वाटेत आमची एक मुलगी गाइड बायकांबरोबर मागे राहते, पुरुषांना मी पुढं काढतो आणि वळणापलीकडे थांबवतो. एक हलकी जुनी साडी जवळ ठेवा. दोघींनी धरली की झाली खोली. आणि कधीही, कितीही वेळा थांबा म्हणा. डोंगर कुठं जात नाही."

लगेच श्रीरामपूरच्या एका बाईंचा आवाज आला. "बरं झालं काकू विचारलंत! मी आमच्या ह्यांना विचारायला लावणार होते, ते म्हणाले मला लाज वाटते." मग काय, बायका एकदम बोलायलाच लागल्या. साडी नायलॉनची की सुती ह्यावर चर्चा. झोपायच्या पिशवीवाले गृहस्थ मीटिंग सोडून गेले.

शेवटी पोरगा म्हणाला, "आजी, तुमच्या वयाच्या मंडळींना आम्ही आधी एक सरावाची चढाई करायला लावतो. स्वतःच्या पायांनी वर, स्वतःच्या पायांनी खाली. झालं की तुमची जागा पक्की. नाही झालं तर मी नेणार नाही, राग मानू नका."

"कुठला डोंगर?"

"तुमच्या जिल्ह्यातलाच. कळसूबाई."

आतून कुकरची शिट्टी झाली. सूनबाई दारात येऊन उभी राहिली होती, हातात पदर. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पेपर बाजूला ठेवून उठले, स्वयंपाकघरात गेले, तांब्याभर पाणी आणलं, माझ्यासमोर ठेवलं आणि परत पेपर उचलला. त्या दिवसापासून रोज तांब्या समोर यायचा. मी प्यायले की उचलून न्यायचे. मला वाटलं होतं चिडतील, निदान चिडवतील. एवढी वर्षं धरलेल्या छत्र्यांचा हिशेब मागतील. पण मागायचे ते फक्त रिकामा तांब्या.

चढाईच्या आदल्या दिवशी आम्ही राजूरला मुक्काम केला. गाडी मुलानं चालवली, हे पुढं बसले, नात मागं माझ्याजवळ. म्हणाले, "गुडघे दुखतात म्हणून काय झालं, खाली बारीत बसून राहीन." सकाळी उजाडता उजाडता, सरावाला आलेल्या गटातल्या बाकीच्यांबरोबर निघालो. भाताची मोकळी खाचरं, दगडी पायवाट, आणि समोर ती. इतक्या वर्षांत तसूभर झिजली नव्हती. झिजले होते ते माझे दात. पण मी कुणाची वाट न बघता काठ्या टेकत निघालेसुद्धा! नवरी म्हणून आले होते तेव्हाही एवढी घाई नव्हती.

पहिला चढ मी अशी चढले, की श्रीरामपूरच्या बाई मागून ओरडल्या, "काकू, आमच्यासाठी थोडा डोंगर ठेवा!" वाटेत एका म्हातारीची सरबताची टपरी. ती म्हणाली, "बस की वाईच. लई घाई हाय व्हय?" बसले, प्यायले. पुढं पहिली लोखंडी शिडी, मग दुसरी. नातीनं बाटली पुढं केली, प्यायले. आणि मग ते झालं, जे होणारच होतं.

आता गंमत बघा. प्रश्न मी विचारलेला, उत्तर मिळालेलं, साडी नातीच्या पिशवीत. तरी जीभ जुनीच. गटप्रमुखानं वरून विचारलं, "आजी, पाणी?" मी म्हणाले, "आत्ताच प्यायले." पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. तोंड बंद, पोट आवळलेलं, पाऊल जड. तिसऱ्या शिडीच्या पायथ्याशी डोळ्यांपुढे जरासं अंधारलं, आणि मला ती जागा ओळखू आली. म्हणजे जागा तीच होती की नाही देव जाणे, अंधारी तीच होती.

नात समोर येऊन उभी राहिली. "आजी, बाटली बघू." बाटली भरलेली. "आजी!"

"अगं, एवढे लोक आहेत."

"मीटिंगमध्ये अख्ख्या गटासमोर बोललीस ते?"

"ते बोलणं होतं. हे करणं आहे."

ती वर बघून ओरडली, "दादा, बायका थांबतायत!" बाप्ये आज्ञाधारकपणे पुढं गेले. आमच्याबरोबरच्या गाइड मुलीनं कारवीच्या झुडपांमागची सपाट जागा दाखवली. माझीच जुनी जॉर्जेटची साडी. एक टोक नातीच्या हातात, दुसरं श्रीरामपूरच्या बाईंच्या. वारा असा सुटला की साडीचं शीड झालं. वरच्या कड्यावर वानरांचं अख्खं कुटुंब रांगेनं बसून बघत होतं. श्रीरामपूरच्या बाई म्हणाल्या, "काकू, तेवढ्यांना पुढं काढायचं राहिलं हो!" मला असं हसू फुटलं की विचारू नका. आम्ही चौघी हसत होतो, आवाज दरीतून परत येत होता, आणि ह्या हसण्यात माझं काम कधी झालं ते मलाच कळलं नाही. उठले तर पाय हलके, डोकं मोकळं. बाटली तिथंच अर्धी केली.

"आता माझा नंबर," श्रीरामपूरच्या बाई म्हणाल्या. "धरा काकू, घट्ट धरा." धरली मी. अशी धरली की वादळ आलं असतं तरी सुटली नसती.

उरलेल्या शिड्या मी मोजल्या नाहीत. वर देवीचं एवढंसं देऊळ, घंटा, खाली भंडारदऱ्याचं पाणी आरशासारखं. मी घंटा वाजवली ती अशी वाजवली, की पुजाऱ्यानं वळून बघितलं. देवीला म्हटलं, बाई, मागच्या वेळी हाकेच्या अंतरावरून परत गेले, ओळखलंस का? मग तिच्या पायऱ्यांवर बसून सूनबाईनं दिलेला शेंगदाण्याचा लाडू खाल्ला आणि त्यावर पाणी प्यायले. घटाघटा, सगळ्यांदेखत.

उतरताना गुडघे कुरकुरले, पण कुणाच्या झोळीत गेले नाहीत. खाली बारीत गाडीजवळ हे उभेच होते, उन्हात, छत्री न उघडता. गटप्रमुखानं माझ्या हातातल्या काठ्या घेतल्या आणि म्हणाला, "आजी, तुमची जागा पक्की. आणि तिकडे पहिल्या मीटिंगला तो प्रश्न तुम्हीच विचारायचा, मी नाही सांगणार." मुलगा "आई!" म्हणून जोरात हसला आणि घरी सूनबाईला फोन लावायला लागला.

नात साडी झटकून तिची घडी घालत होती. हे तिच्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "लागली का ही?" तिनं सगळं सांगितलं, वानरांसकट. हे हसले नाहीत. माझ्या शेजारी येऊन बसले, बाटलीचं झाकण उघडून ती माझ्या हातात दिली, आणि डोंगराकडे बघत म्हणाले, "अगं, चादर होती की तेव्हा माझ्या खांद्यावर. एक शब्द बोलली असतीस, तर धरून उभा राहिलो असतो. तोंड पलीकडं करून."